दालचिनीने वाचलेलं नाव

त्या रविवारी वार्दारिस सुटला होता. हा वारा उत्तरेकडून नदीच्या खोऱ्यातून धावत उतरतो आणि एकदा का ग्रीसमधल्या आमच्या थेस्सालोनिकीत शिरला, की छत्र्या, टोप्या, माणसांचे बेत... सगळं उधळून लावतो. माझ्या फेरीला अकरा जणांनी नावं दिली होती. चौकात आले चौघंच. लारिसाहून आलेल्या दोन शिक्षिका आणि एक निवृत्त जोडपं. शिवाय पाचवा एक माणूस, ज्याचं नाव माझ्या यादीत नव्हतं.

मी बेनुता फ्लोरेंतिन. आठवडाभर एका दंतवैद्याकडे फोन उचलते आणि रविवारी लोकांना शहरातल्या ज्यू खुणा दाखवत फिरते. खुणा फारशा उरलेल्या नाहीत. त्यामुळे माझ्या फेरीत दाखवण्यापेक्षा सांगणंच जास्त. इथे सिनेगॉग, आमचं प्रार्थनास्थळ होतं, इथे शाळा होती, इथे माझ्या पणजोबांचं टोप्यांचं दुकान होतं. सगळं ‘होतं’.

मी जुन्या कबरस्तानाचे फोटो दाखवत होते. एक फोटो वाऱ्याने हातातून सुटला आणि तो यादीबाहेरचा माणूस त्याच्यामागे धावला. दोरीने बांधलेला पांढरा खोका एका हातात सांभाळत त्याने दुसऱ्या हाताने फोटो पकडला... आणि परत द्यायचं विसरून बघतच राहिला. फोटोत संगमरवराची एक शिळा होती आणि तिच्यावर हिब्रू अक्षरं.

“फोटो माझा आहे,” मी म्हटलं.

“हो. सॉरी.” त्याच्या भुवईवर पीठ लागलं होतं. “ही अक्षरं... सगळ्या दगडांवर अशीच असतात? अशी चौकोनी?”

“बहुतेक. तुमचं नाव यादीत नाही.”

“अनेस्तिस. मी फक्त इथून चाललो होतो.”

“फक्त चालत असताना थांबून ऐकणाऱ्यांना आम्ही कबुतरं म्हणतो.”

“मग राहू का? कबुतर म्हणून?”

शिक्षिका हसल्या. मी हसले नाही, पण पुढे चालताना आपला आवाज त्याच्यापर्यंत पोचतोय ना, याची काळजी घेतली हे मात्र खरं.

दोन तासांनी फेरी संपली आणि बाकीचे पांगले. तो दोरी सोडवत म्हणाला, “हे हॉटेलात पोचवायचं होतं. आता गार झालं. गार बुगात्सा पोचवला तर बाबा मला घराबाहेर काढतील. तुम्ही खाल?”

थेस्सालोनिकीच्या माणसाला बुगात्सा खाणार का, असं विचारायचं नसतं. कागदासारखे पापुद्रे, आत दुधाचा गोड साय-घट्ट रवा, वर पिठीसाखर आणि दालचिनी. मी तुकडा मोडला, आणि थांबले.

“हा तुम्ही केलाय?”

“हो.”

“रागावू नका, पण ही गोधडी झालीय. पापुद्रे कुठे आहेत?”

त्याने मान खाली घातली. “सध्या जमत नाहीये.”

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि खोक्यातली सगळी पिठीसाखर माझ्या काळ्या कोटावर. तो झटकायला पुढे झाला, आणि हात तसाच हवेत थांबला. “तुम्हीच झटका,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

घरी पोचेपर्यंत मी कोट झटकला नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी यादीत नाव देऊन. तिसऱ्या रविवारीही आला. प्रत्येक वेळी खोका असायचा आणि प्रत्येक वेळी मी नावं ठेवायची. “गोधडीची चादर झालीय,” मी तिसऱ्या खेपेला म्हटलं, तेव्हा त्याला पदक मिळाल्यासारखं झालं.

त्याचे प्रश्न मात्र विचित्र असायचे. लोक विचारतात किती माणसं होती, किती परत आली. मी सांगते... दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पन्नास हजारांच्या आसपास लोकांना आगगाड्यांत भरून नेलं, परत आले ते दोन हजारसुद्धा नसतील. याने विचारलं, “कबरीचा दगड उलटा ठेवला, अक्षरं खाली करून, तर त्या माणसाचा अपमान होतो का?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं... अंधारात राहावं लागतं त्याला.”

इतकी वर्षं मी ही फेरी करते, असं कुणी बोललं नव्हतं.

त्या दिवशी पाऊस आला आणि आम्ही मोदियानो बाजाराच्या कमानीखाली अडकलो. दोघांत एक कॉफी, कारण दुसरा कप त्याच्या हातून सांडला होता.

“तुमच्याकडे घरी कोणती भाषा बोलतात?” त्याने विचारलं.

“आई रागावली की लादिनो. आम्ही स्पेनमधून हाकललेले ना, पाचशे वर्षांपूर्वीची स्पॅनिश आहे ती. एरवी सगळ्यांसारखी ग्रीक.”

“आणि प्रेमात?”

“आईला प्रेमात असताना मी पाहिलेलं नाही.”

“मी आईचं विचारलं नव्हतं.”

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी कप त्याच्या हातात दिला. “तुझी पाळी,” मी म्हटलं. ‘तुमची’ म्हणायचं होतं... निघालं ‘तुझी’. त्यालाही कळलं. कप ओठाला न लावता तो कितीतरी वेळ नुसता धरून उभा होता.

घरी आले तेव्हा आई पालक निवडत बसली होती. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. न बघताच तिने विचारलं, “आज पण आला होता?”

“कोण?”

“तो, ज्याच्यामुळे तू रविवारचा कोट सोमवारी पण घालतेस.” मग पाण्यात हात बुडवून ती शांतपणे म्हणाली, “हजारभर उरलोय आपण या शहरात. त्यातले निम्मे पेन्शनवाले. मी तुला काही म्हणत नाही, बेनुता. फक्त आकडा सांगतेय.”

तो आकडा मीच दर रविवारी लोकांना सांगते. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला जड वाटला.

चौथ्या रविवारी आम्ही विद्यापीठाच्या आवारात होतो. मी नेहमीचं सांगत होते. हेच ते जुनं कबरस्तान. लाखो कबरी होत्या. एकोणीसशे बेचाळीसमध्ये उखडल्या, आणि दगड शहरभर गेले. पायऱ्यांना, भिंतींना, रस्त्यांना, अंगणांना. ज्याला हवा त्याने नेला. बोलता बोलता माझी नजर अनेस्तिसकडे गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

लोक गेल्यावर तो म्हणाला, “बेनुता, तुला एक दाखवायचंय. आधीच दाखवायला हवं होतं. चल माझ्याबरोबर.”

त्याच्या वडलांचं बुगात्साचं दुकान वरच्या गल्लीत होतं. रविवारी दुपारी दार लोटलेलं. आत लोणी, जळकी साखर आणि ऊब. भट्टीच्या बाजूला नवी पाईनची फळी टाकलेलं टेबल होतं. भिंतीला टेकून उभी होती संगमरवराची शिळा, पुरुषभर लांब. एका बाजूने करवतीने कापलेली. एक अंग आरशासारखं गुळगुळीत. त्याने ती हळूच फिरवली. दुसऱ्या अंगावर अक्षरं.

“माझ्या आजोबांपासून आम्ही याच दगडावर पीठ ताणतोय,” तो म्हणाला. “सप्टेंबरात टेबलाचे गंजलेले पाय बदलायला काढलं, तेव्हा उलटला. त्यानंतर दोन आठवड्यांनी तू चौकात तो फोटो घेऊन उभी होतीस.”

मला आधी काहीच वाटलं नाही. मग दर रविवारचे ते पांढरे खोके आठवले.

“आणि तू मला ते खायला घालत होतास?”

“नाही. ते नाही.” तो घाईने म्हणाला. “उलटला त्या दिवसापासून मी यावर हात ठेवलेला नाही. लाकडावर करतो. लाकूड कोमट असतं, पीठ चिकटतं, फाटतं... म्हणून ती गोधडी. तुझ्यासाठी एकही यावर केलेला नाही, बेनुता.”

“म्हणजे माझ्या फेऱ्या, माझी कॉफी, ते प्रश्न... सगळं या दगडासाठी. मी म्हणजे तुझी चौकशीची खिडकी.”

त्याने पळवाट काढली नाही. “पहिल्या रविवारी दगडासाठी थांबलो. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी पावसात आपण उभे होतो ना, तेव्हा दोन तास मला दगड आठवलाच नाही. घरी आलो, हा समोर दिसला आणि लाज वाटली. त्याच्यामुळे तू भेटलीस, आणि मी त्यालाच विसरलो.”

तेवढ्यात आतल्या दारातून त्याचे वडील आले. रुंद हातांचे, पांढऱ्या मिशांचे प्रोद्रोमोस. त्यांनी आधी शिळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ही कोण?”

“बेनुता. मी सांगितलं होतं.”

“दार लाव,” ते मुलाला म्हणाले. मग मला म्हणाले, “माझ्या बापाने हा दगड विकत घेतला, मुली. चोरला नाही. लोक घेत होते, त्याने घेतला. मी पन्नास वर्षं या दुकानात उभा आहे. उद्या गावात बोलतील, की प्रोद्रोमोस मढ्याच्या दगडावर गोड करतो. माझा बाप काही राक्षस नव्हता.”

“मी तसं म्हटलेलं नाही, काका.”

“म्हणशील. रविवारी लोकांना गोळा करून तेच सांगतेस ना?”

मी कोट उचलला. अनेस्तिस दारापर्यंत आला, पण त्याच्याकडे बघायची माझी तयारी नव्हती.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. मी फेरी केली, पण कबरस्तानाच्या जागी पोचले की एकाच वाक्यावर अडायचे. ‘ज्याला हवा त्याने नेला’ असं मी वर्षानुवर्षं सहज म्हणत आले होते. आता त्या ‘ज्याला’ला पांढऱ्या मिशा होत्या. भीतीने बारीक झालेले डोळे होते. आणि एक मुलगा होता, ज्याचे कान लाल व्हायचे.

शेवटी मी आईला सगळं सांगितलं. दुकानाचं नाव ऐकल्यावर ती खुर्चीत बसली.

“माझे बाबा मला दर रविवारी तिथेच न्यायचे,” ती म्हणाली.

माझे हे आजोबा छळछावणीतून परत आलेल्या मोजक्या लोकांपैकी. घरात त्यांच्याविषयी फारसं बोललं जात नाही.

“त्यांना ठाऊक असतं तर?”

“ठाऊक असतं तरी काय केलं असतं? तेव्हा अर्ध्या शहराच्या पायऱ्या त्याच दगडांच्या होत्या. ते रस्त्याने खाली बघत चालायचे. मला वाटायचं, अडखळण्याची भीती वाटते. मोठी झाल्यावर कळलं, ते वाचत असायचे.” मग म्हणाली, “दगडावर नाव काय आहे?”

“मी वाचलं नाही.”

“भांडलीस आणि वाचलं नाहीस?” आई लादिनोत काहीतरी पुटपुटली. “आधी जा आणि वाच. त्या मुलाशी तुझं काय ते नंतर. भिंतीला तोंड करून कुणीतरी उभं आहे तिथे.”

बुधवारी दुपारी दुकानं बंद असतात. मी दार वाजवलं. अनेस्तिसने उघडलं. दोन आठवड्यांत तो वाळला होता. आम्ही एकमेकांना नुसतं “ये” आणि “आले” एवढंच म्हटलं. प्रोद्रोमोसकाका कोपऱ्यात स्टुलावर बसून होते. त्यांनी मला हाकललं नाही.

शिळा आम्ही टेबलावर आडवी घेतली. अक्षरं झिजलेली, पांढऱ्यावर पांढरी. मी बोट फिरवलं, पण लागेना.

“पाणी मारू?” अनेस्तिसने विचारलं.

“रंगाचं काहीतरी हवं. खोलगट भागात बसेल असं.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि फळीवरून दालचिनीचा डबा काढला. चिमूट चिमूट टाकत, तळहाताने अलगद पसरत, फुंकर मारत तो सरकू लागला. दगडातून तपकिरी अक्षरं एकेक करून वर आली. दुकानभर वास पसरला. आमची डोकी इतकी जवळ होती, की त्याचा श्वास थांबलेला मला कळत होता.

लहानपणी प्रार्थनेपुरतं शिकलेलं माझं हिब्रू अडखळतच चालतं. मी उजवीकडून लावत गेले. “ही कबर... तरुण कन्येची... वीदा. ...ची मुलगी.” तिथून पुढे करवत फिरली होती. “वडलांचं नाव कापलं गेलंय. साल अक्षरांत असतं, थांब.” मी बोटांवर मोजलं. “अठराशे त्रेचाळीस.”

“वीदा म्हणजे काय?” कोपऱ्यातून आवाज आला.

“आयुष्य, काका. आधीची मुलं जगली नाहीत, की मुलीचं नाव वीदा ठेवायचे. ही जगावी म्हणून.”

प्रोद्रोमोसकाका उठले, टेबलापाशी आले. इतकी वर्षं ज्या दगडावर त्यांनी रोज हात आपटले, त्यावर एक बोट ठेवायचीही त्यांना आता हिंमत होत नव्हती. कापलेल्या कडेकडे बघत ते म्हणाले, “टेबलात बसेना म्हणून बाबांनी कापला असणार. त्यांना वाचता येत नव्हतं. ग्रीकसुद्धा नाही.” मग म्हणाले, “ते तुर्कस्तानातून, अनातोलियातून पळून आले होते. पाठीवर आई होती. त्यांच्या बापाच्या, भावंडांच्या कबरी तिकडेच राहिल्या. म्हातारपणी मला सारखं विचारायचे, प्रोद्रोमोस, तिकडे आता कोण काय करत असेल रे त्यांच्यावर? आणि मी म्हणायचो, बाबा, झोपा.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत.

“कुठे न्यायचा ते सांग, मुली. मी स्वतः नेतो. कुणी विचारलंच तर मीच सांगेन.”

स्टाव्ह्रुपोलीला आमचं आताचं कबरस्तान आहे. सापडलेले जुने दगड तिथे एका बाजूला मांडून ठेवतात. पुढच्या मंगळवारी सकाळी दुकानाच्या व्हॅनमधून, स्वच्छ चादरीत गुंडाळून वीदा तिथे आली. समाजातले चार म्हातारे आले होते. आई आली होती. प्रोद्रोमोसकाकांनी आदराने टोपी काढली, तशी मी कुजबुजले, “काका, आमच्यात डोकं झाकतात.” त्यांनी गडबडीने टोपी घातली, ती तिरकीच. आईने पुढे होऊन, एक शब्द न बोलता, ती सरळ केली.

प्रार्थना छोटीशी झाली. अनेस्तिस माझ्या शेजारी उभा होता, मध्ये हातभर अंतर ठेवून.

नंतर आई आणि काका व्हॅनकडे गेले, कुठल्या काळी बुगात्सा चांगला होता यावर वाद घालत. आम्ही दोघं सरूच्या झाडाखाली मागे राहिलो.

“आता मला रविवारी यायला कारण उरलं नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“सगळी फेरी पाठ झालीय माझी. शहर जळालं त्या आगीचं साल, दुकानांची नावं, तुझ्या पणजोबांच्या टोप्या.”

“मग?”

“मग...” तो थांबला. कान लाल व्हायला लागले होते. “बेनुता, मला तू आवडतेस. हे मी दगड असताना बोलू शकत नव्हतो. बोललो असतो तर तो मध्ये आला असता. आता काहीच मध्ये नाही. तू नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही... पण मी जाईन.”

सरूतून वारा गेला. मला आईचा आकडा आठवला. हजार. त्यातून एक मुलगी वजा करायला निघाली की काय, असं माझ्या मनात आलं. आणि हेही आलं, की त्या रस्त्याने मी गेले तरी फ्लोरेंतिनच राहीन. माझी मुलंही नावं वाचायला शिकतील, मी शिकवीन. आणि हा माणूस त्यांच्या शेजारी डबा घेऊन बसेल.

“मी दोन आठवडे तुझ्यावर रागावले होते,” मी म्हटलं. “त्यातला एक आठवडा तू येत नाहीस म्हणून.”

“आणि दुसरा?”

“त्याचं कारण मला शोधावं लागलं.” मी ते हातभर अंतर ओलांडलं आणि त्याच्या हातात हात दिला. खडबडीत होता, भाजल्याचे डाग असलेला. “मलाही तू आवडतोस, अनेस्तिस. पण आईला सांगायला तू माझ्याबरोबर यायचंस. मी एकटी सांगणार नाही.”

“कधी?”

“शुक्रवारी. सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, त्याच्या आत.”

शुक्रवारी तो इस्त्री केलेला शर्ट घालून आला. टेबलावर मेणबत्त्या होत्या, लीकच्या पातीची थालपिठं होती, मासा होता. आईने त्याला बसू दिलं नाही. दोघं समोरासमोर उभे, आणि मी मध्ये पाण्याचा जग धरून.

“मी आनंदाने हो म्हणत नाहीये,” आई म्हणाली. “खोटं कशाला बोलू? माझ्या बाबांना काय वाटलं असतं, हे मला ठाऊक नाही. मला वाईट वाटतंय आणि ते जाईल असं वचन मी देत नाही.”

“कळतंय मला,” अनेस्तिस म्हणाला.

“कळत नाही. हळूहळू कळेल.” तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याच्या हातांकडे, कानांकडे. “पण त्या वीदाला तू भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं नाहीस. ते मी पाहिलंय.”

मग तिने एक खुर्ची मागे ओढली. ती बाबांची खुर्ची नव्हती, आईच्या शेजारची होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, “बस. मासा गार होतोय.”

तो बसला. मी जग खाली ठेवला आणि त्याच्या समोर बसले. आईने पहिली मेणबत्ती पेटवली, तेव्हा ज्योत थरथरत होती... तिचे हात मात्र स्थिर होते.